तिसरा आयसोलेटर

डिझेलच्या गाडीत इंधनाचा दाब दाखवणारा काटा बसवायचा म्हटलं की एक अडचण येते. काटा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर हवा आणि दाब तर बॉनेटखाली, इंजिनजवळ असतो. मधे एक बारीक नळी टाकावी लागते. ती सरळ टाकली तर डिझेल केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबतं. नळी फुटली, तिचा जोड सुटला, की डिझेल मांडीवर.

म्हणून इंजिनच्या बाजूला, केबिनच्या बाहेर, एक छोटी पितळी डबी बसवतात. तिला आयसोलेटर म्हणतात. डबीच्या मधोमध रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला रेडिएटरमध्ये घालतात तो कूलंट. डिझेल पडद्याला ढकलतं, पडदा कूलंटला ढकलतो आणि कूलंट नळीतून जाऊन काट्याला ढकलतो. दाब केबिनमध्ये येतो, डिझेल येत नाही. काट्याच्या आत वाकवलेली एक चपटी नळी असते. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, तशी ती दाबाने थोडी उलगडते आणि काटा फिरवते. पॅरिसच्या युजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली हिचं पेटंट घेतलं. आज आपल्या हवा भरायच्या दुकानातल्या आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवरच्या काट्यातही हीच युक्ती असते.

सांगलीत सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे सगळं कळायचं कारण माझा मामेभाऊ. तो टेक्सासमध्ये असतो, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. त्याच्याकडे २००१ सालची जुनी डॉज रॅम पिकअप आहे, ५.९ लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनची. नोकरीवर जायला त्याची साधी कार आहे. पिकअप ट्रेलर ओढायला. बकरी ईदला तो आणि त्याचे चार-पाच मित्र शहराबाहेरच्या फार्मवरून बकरे आणतात, तेव्हा त्या पिकअपला मोठा मान असतो. ईद महिन्यावर आली असताना त्याचा फोन आला. दीड वर्षात दोन आयसोलेटर बदलले, आता तिसरा गळतोय.

फोन मला आला, पण विचारायचं होतं त्याच्या अब्बांना, म्हणजे माझ्या मामूंना. मामूंचं मार्केट यार्डाजवळ ट्रकचं गॅरेज आहे. ते बाहत्तरच्या दुष्काळात जत तालुक्यातलं गाव सोडून, सहावीतून शाळा सोडून, बाराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागले. हळदीचे, बेदाण्याचे, उसाचे ट्रक त्यांच्या हाताखालून गेले. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर मधे मी. इकडे इशाची नमाज झाली की तिकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असत. असे तीन शनिवार-रविवार आम्ही तिघं त्या इंजिनसमोर बसलो.

पहिल्याच दिवशी मामूंनी बॉनेटखालचं इंजिन बघितलं आणि म्हणाले, "आरं, ही तर आपली सोळा-तेराची मशीन! डोकं निराळं हाय, पोट तेच." खोटं नव्हतं. टाटा-कमिन्सची कंपनी १९९३ साली जमशेदपूरला निघाली आणि टाटाच्या ट्रकांत कमिन्सच्या याच घराण्यातलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. मामेभावाच्या गाडीत हेड चोवीस व्हॉल्व्हचं आणि पंप इलेक्ट्रॉनिक. मामूंच्या हातातल्या गाड्यांत बारा व्हॉल्व्ह आणि त्यांच्या भाषेत 'मायको पंप'. बाकी नातं जवळचं.

आता हा काटा लागतोच कशाला? त्या मॉडेलमध्ये इंजेक्शन पंपाला टाकीतून डिझेल पोचवायला एक छोटा विजेचा पंप असतो. इंजेक्शन पंपाला येणारं डिझेल नुसतं जाळायला नसतं. तेच त्याचं वंगण आणि तेच त्याचा थंडावा. पुरवठा कमी पडला तर गाडी काही दिवस धावत राहते, ड्रायव्हरला कळतही नाही, आणि आत महागडा पंप झिजत जातो. म्हणून या गाड्या बाळगणारे लोक पुरवठ्याच्या लाइनवर काटा बसवून घेतात. इंजिन नुसतं चालू असताना साधारण चौदा-पंधरा पीएसआय आणि ओझं ओढताना दहाच्या खाली जाऊ नये, असा त्यांचा हिशोब असतो.

भावाच्या गाडीत काटा पाचवर आला होता. खालच्या मॅटवर हिरवट थेंब होते आणि बॉनेट उघडलं की डिझेलचा वास. त्याने नवा विजेचा पंप मागवायची तयारी केली होती.

मामूंचा पहिला प्रश्न होता, "गाडी वढतीया का?"

"ओढते अब्बा. चढालाही काही फरक नाही."

"मग काट्यावर एवढ्यात विश्वास ठेवू नको. दुसरा काटा लावून बघ."

इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी एक बँजो बोल्ट असतो. त्याला आटे पाडून तिथूनच काट्याची लाइन घेतलेली होती. इंजिन बंद करून भावाने आयसोलेटर काढला आणि त्या जागी रबरी पाइपचा तपासणीचा काटा थेट जोडला. केबिनच्या बाहेर, हातात धरून. इंजिन चालू केलं. चौदा. म्हणजे पंप ठणठणीत होता आणि आतला काटा खोटं सांगत होता.

हे असं का होतं ते मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून माझं मलाच समजावलं. काट्याच्या बाजूचा कूलंट गळून कमी झाला की पडदा ती जागा भरायला पुढे सरकतो. आणखी गळला की आणखी पुढे. शेवटी तो डबीच्या भिंतीला टेकतो. मग डिझेलने कितीही ढकललं तरी पडदा पुढे जाऊच शकत नाही आणि काटा खाली राहतो. उलट पडदा फाटला तर? तर डिझेल सरळ नळीत शिरतं आणि काटा बरोबर दाब दाखवत राहतो! फक्त ज्या कारणासाठी डबी बसवली तेच कारण संपतं, डिझेल केबिनमध्ये पोचतं. म्हणजे काटा चुकतोय यावरून पडदा गेला असं ठरत नाही, आणि काटा बरोबर आहे यावरून पडदा शाबूत आहे असंही नाही.

त्यामुळे मामूंनी पुढचा प्रश्न काट्याबद्दल विचारलाच नाही. "गळतंय ते काय हाय?"

बोटांवर चोळून बघायला सांगितलं. डिझेल तेलकट लागतं, वास लपत नाही आणि कागदावर पडलं की कागद आरपार दिसायला लागतो. कूलंट चिकट लागतो, गोडसर वास येतो. चाखून मात्र बघायचं नाही, तो विषारी असतो. मुलं आणि कुत्री-मांजरं असतील तर थेंब लगेच पुसून घ्यावेत. मॅटवरचे थेंब कूलंटचे निघाले. डबीजवळ होतं ते डिझेल. म्हणजे गळती एक नव्हती, दोन होत्या. केबिनमधली गळती काट्याच्या मागच्या नायलॉन नळीच्या जोडाला होती. नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं. ते सरळ कापून, नवी पितळी रिंग घालून जोड पुन्हा आवळला आणि ती थांबली.

डबीची गोष्ट सोपी नव्हती. मामूंनी ती पुन्हा बसवायला लावली, चिंधीने कोरडी पुसायला लावली आणि वर पावडर टाकायला सांगितली. घरात असते ती टाल्कम पावडर. भाऊ म्हणाला, इथं यासाठी डिझेलमध्ये घालायचा रंग मिळतो, निळ्या टॉर्चखाली चमकतो. मामू म्हणाले, मिळू दे, तोवर पावडर टाक. इंजिन चालू केल्यावर पाच मिनिटांत डबीच्या दोन तुकड्यांच्या जोडावर पावडर ओली होऊन काळवंडली. आट्यांजवळची पावडर पांढरीच्या पांढरी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण हे वाचून कुणी बॉनेट उघडेल. हा सगळा शोध पुरवठ्याच्या लाइनचा आहे, तिथला दाब कमी असतो. इंजेक्शन पंपातून इंजेक्टरकडे जाणाऱ्या ज्या बारीक पोलादी नळ्या असतात तिथे चालू इंजिनवर गळती हाताने चाचपायची नाही. तिथला दाब हजारो पीएसआय असतो. बारीक चीर असेल तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते, वर जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट वाचवायला ऑपरेशन करावं लागतं. मामूंच्या गॅरेजमध्ये नव्या पोराला पान्यांची नावं शिकवायच्या आधी हे शिकवतात.

दुसरी तितकीच कामाची गोष्ट म्हणजे पंपाच्या अलीकडची गळती आणि पलीकडची गळती सारखी नसते. पलीकडे दाब असतो, तिथं डिझेल बाहेर येतं, ठिबकतं, दिसतं. अलीकडे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत, पंप ओढत असतो. तिथं चीर असेल तर थेंब पडत नाही, उलट हवा आत जाते. गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देते, मधेच गचके खाते आणि बाहेरून सगळं कोरडं. आपल्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, 'गाडी एअर घेतीया.' मामूंच्या हातून जाणाऱ्या गाड्यांतली निम्मी कटकट याच ओढत्या बाजूची असते. म्हणून कोरडं दिसलं म्हणजे ठीक आहे, असं ते कधी म्हणत नाहीत.

तर तिसरा आयसोलेटर जोडावरच सुटत होता. भाऊ म्हणाला, कंपनीच खराब असणार, दुसऱ्या कंपनीचा मागवतो. मामूंनी विचारलं, आधीचे दोन कुठल्या कंपनीचे? तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे होते.

मग त्यांनी एकेक संशयित बाहेर काढायला सुरुवात केली. मी पाकिटांवरचं वाचून दाखवत होते.

आधी रबर. पहिल्या डबीचा पडदा नायट्राइल रबराचा होता. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी गंधक जवळजवळ काढून टाकलेलं डिझेल आलं, पंधरा पीपीएमचं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं दहा पीपीएमचं आलं. डिझेलची जात बदलली की जुनी, मुरलेली रबरं आकसतात आणि वर्षानुवर्षं न गळलेले जोड गळायला लागतात. हे दोन्हीकडच्या मेकॅनिकांनी बघितलंय. पण दुसऱ्या डबीचा पडदा चांगल्या, डिझेल सोसणाऱ्या व्हायटॉन रबराचा होता. तोही तेवढ्याच महिन्यांत फाटला. म्हणजे रबर नव्हे.

मग आटे. तिकडच्या निमुळत्या आट्यांना पाव इंचाच्या निम्म्या मापात इंचाला सत्तावीस फेरे असतात, आपल्या ब्रिटिश मापात अठ्ठावीस. एकात दुसरा दोन-तीन फेरे छान बसतो, मग आवळतो, आणि आवळला म्हणजे बसला असं वाटून माणूस फसतो. कितीही टेप गुंडाळा, तो गळणारच. पण इथे पावडरीने आटे निर्दोष ठरवले होते. शिवाय भावाने टेपऐवजी डिझेलला चालणारं पातळ सीलंट लावलं होतं, ते मामूंना आवडलं. टेपचा तुकडा तुटून आत गेला तर बारीक वाटेत अडकतो.

मग दाब. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो. इथे पंधरा, टायरच्या निम्मा. डबीवर लिहिलं होतं, शंभरपर्यंत चालेल. पंधराने डबी फुटायचं कारण नव्हतं.

मामू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो तपासायचा काटा पुन्हा लाव. आकडा बघू नको. काटा कसा उभा हाय ते दाखव."

भावाने फोन काट्याजवळ नेला. चौदावरचा काटा बारीक रेघेसारखा दिसत नव्हता. पेन्सिलीएवढा जाड दिसत होता, कडा पुसट. तो थरथरत होता, इतका जलद की डोळ्याला जाडी वाटावी.

"ह्ये बघ. दाब कमी हाय, पण मार सतत हाय."

इंजेक्शन पंप डिझेल सलग पीत नाही, घोटाघोटाने घेतो. प्रत्येक घोटाला पुरवठ्याच्या लाइनमध्ये एक धक्का परत येतो. घरात नळ झटक्यात बंद केला की पाइप धडकतो, तसा. सरासरी काढली तर चौदाच, पण मिनिटाला हजारो धक्के. त्यात डबी थेट इंजिनवर, बँजोच्या डोक्यावर आवळलेली. म्हणजे वरून इंजिनचा कंप आणि इंजिनची उष्णता. पडदा कुठल्याही रबराचा असो, डबी कुठल्याही कंपनीची असो, त्या जागी ती सहा-आठ महिनेच टिकणार होती.

मामूंनी आयुष्यात आयसोलेटर बघितला नव्हता. पण जुन्या ट्रकांत ऑइलच्या दाबाच्या काट्याला तांब्याची नळी थेट केबिनमध्ये आलेली त्यांनी पाहिली होती, आणि ती तुटून गरम ऑइलने ड्रायव्हरचा पाय भाजलेलाही. तेव्हा त्यांचे उस्ताद तांब्याच्या नळीला मधे दोन वेढे देऊन घ्यायचे. वेढे स्प्रिंगसारखे कंप पितात आणि टोक तुटत नाही. तेच त्यांनी इथे लावलं. डबी इंजिनवरून काढून केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यावर बसव. बँजोपासून डबीपर्यंत हातभर लवचीक पाइप दे, डिझेलला चालणारा. डबीच्या तोंडाशी बारीक सुईचा व्हॉल्व्ह टाक. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत जा, काटा स्थिर होऊन बारीक दिसेपर्यंत. मग इंजिन बंद कर. काटा दोन-चार सेकंदांत शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर व्हॉल्व्ह फार बंद झालाय, किंचित सोड.

कूलंट भरताना नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर काटा आळशी होतो. म्हणून इंजेक्शनच्या सिरिंजने खालच्या टोकाकडून भर, वरून ओसंडू दे. जास्त कोंबू नको, नाहीतर इंजिन बंद असतानाही काटा शून्याच्या वर राहतो.

नवा आयसोलेटर बसला. तो फार्मवर जाऊन ट्रेलर भरून आला, ईद झाली, आज त्याला वर्ष होत आलं. डबी कोरडी आहे.

त्या तिसऱ्या रविवारी काम संपल्यावर भाऊ म्हणाला, "अब्बा, तुम्ही मला हे कधी शिकवलंच नाही." तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज म्हणाला. मामू म्हणाले, "शिकवलं असतं तर तू हितंच असतास."

ते खरं होतं. मामूंनी मुलाला गॅरेजची पायरी चढू दिली नाही. सुट्टीतसुद्धा नाही. हाताला ग्रीस लागलं की वही सुटते, हे त्यांनी स्वतःवरून ठरवलेलं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत असंच ठरलेलं असतं. एक तर शाळा, नाहीतर गॅरेज, दोन्ही नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिमांचं स्वतःच्या छोट्या धंद्यांतलं मोठं प्रमाण नोंदवलं, त्यात वाहनांची दुरुस्तीही होती. आपण तो अहवाल मागासलेपणाचा दाखला म्हणून वाचतो, आणि तो आहेच. पण त्या दुरुस्तीच्या आत केवढं ज्ञान असतं, ते मोजायला कुणी काटा लावत नाही. बाहेरचे लोक तर एका शब्दात सगळं संपवतात, 'पंक्चरवाले.' मोबाइलवर हा शब्द शिवीसारखा वापरताना मी माझ्याच शाळेतली मुलं पाहिली आहेत.

मामूंच्या गॅरेजमध्ये एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. पंधरा वर्षांचा आहे. दोन वर्षांत तीन शाळा झाल्या आणि आठवीनंतर सुटलीच. वडील ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याचे चाचा त्याला गॅरेजमध्ये आणून सोडताना म्हणाले होते, "हा कुठं टिकतच नाही." ईदनंतर सेवया घेऊन मी गॅरेजवर गेले, तेव्हा हा विषय पुन्हा निघाला आणि चाचांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मामू पाना पुसत होते. म्हणाले, "तिन्ही शाळा निराळ्या हुत्या न्हवं? मग तिन्हीकडं सारखं काय हुतं, ते इचारलं का?"

मी विचारलं. एका बैठकीत नाही. चार-पाच वेळा, चहा पिता पिता.

तो पहाटे पाचला बेकरीचे पाव घरोघर टाकायचा. शाळा कुठलीही असो, पाव टाकून पोचायला दहा-पंधरा मिनिटं उशीर. उशिरा येणाऱ्याने पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं, हा नियम तिन्हीकडे. पहिला तास तिन्हीकडे गणिताचा. बाहेर उभं राहिलेल्याला गणित येत नाही. येत नाही म्हणून आत आल्यावर हसं होतं. आणि हसणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं, 'पंक्चर'. त्याचे वडील ट्रकचालक, पंक्चरचा आणि त्याचा संबंधही नव्हता. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. तक्रार करावी असं एकाही दिवशी काही घडलं नाही. रोज एवढंसंच.

मोठ्यांनी दर वेळी शाळा बदलली. पावांच्या वेळेला कुणी हात लावला नाही, कारण पाव टाकणं म्हणजे घरातले पैसे, आणि दहा मिनिटांचा उशीर म्हणजे काय मोठी गोष्ट!

मी शिक्षिका आहे, शाळा सोडणाऱ्या मुलांच्या याद्या माझ्या हातून जातात. त्या यादीत कारणासाठी एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: अनियमित. तो शब्द मुलाबद्दल आहे. लाइनमध्ये धक्के कुठून येतात, यासाठी रकाना नाही. आपल्या मोहल्ल्यातही ठरलेली वाक्यं आहेत: 'आपल्या पोरांना शिक्षणाची आवडच नाही', 'डोकं चालत नाही', 'शेवटी हातालाच काम द्या'. पहिल्या वाक्यात रबर खराब, दुसऱ्यात आटे चुकीचे, तिसऱ्यात दुसऱ्या कंपनीचा भाग मागवला. धक्का तिथेच.

या मुलाचं डोकं चालतं की नाही ते मी गॅरेजमध्ये बघितलंय. फीड पंपाला हात लावायच्या आधी तो टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासतो. ते तुंबलं असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप नाहक बदलला जातो. हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही, पण ते मी आठवीला शिकवते तेच आहे, हवेचा दाब.

आता मामूंच्या धंद्यावरही वेळ आलीय. बीएस-सहाच्या गाड्यांना स्कॅनर लागतो, पडद्यावर इंग्रजी येतं. स्कॅनर सांगतो की इंधनाचा दाब कमी आहे. का कमी आहे ते सांगत नाही. ते शोधायला मामूंसारखं डोकं लागतं. पण स्कॅनर वाचता आला नाही तर गाडी मामूंच्या दारात येतच नाही. नुसत्या हातांवर जगायचे दिवस संपत आलेत, आणि नुसत्या पदवीने काय होतं ते आम्ही टेक्सासच्या अंगणात बघितलं. मामूंना हे माझ्याआधी कळलं होतं, असं आता वाटतं.

राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. दहावी झाली की आयटीआयला 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. हे दोन्ही आपल्यातल्या किती गॅरेजवाल्यांना माहीत आहे, विचारून बघा. माहीत नसेल तर सांगा, फॉर्म भरायला एखाद्या शिक्षकाला गाठा. आम्ही आहोत.

मामूंनी चाचांना बसवून हिशोब केला. पाव आता मुलाचा मोठा चुलतभाऊ टाकतो. त्या पैशांच्या बदल्यात मामूंनी मुलाचा रोज थोडा वाढवला. सकाळी साडेनऊला गॅरेज. दुपारी चारला हात धुवायचे, मग पुढच्या खोलीत वही. गणित मी घेते, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात तो चार वाजले तरी गाडीखालून निघत नव्हता. मामूंनी त्याचा रिंग पाना हातातून काढून घेतला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. पाना सकाळी मिळतो.